आधी कोण जाणार? : रस्त्यावरच्या सौजन्याचे शास्त्र

शहरांची तुलना करणे हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. त्यातही रस्त्यावरच्या वागणुकीचा विषय निघाला, की प्रत्येकाजवळ ठाम मत तयार असते. मुंबईचा टॅक्सीवाला मीटरप्रमाणे पैसे घेतो आणि रांगेत चालवतो, पुण्याचा दुचाकीस्वार मिळेल त्या फटीतून शिरतो, दिल्लीत सरळ अंगावर गाडी घालतात, असे शेरे आपण नेहमी ऐकतो. परदेशी जाऊन आलेले नातेवाईक त्यात भर घालतात: तिकडे नुसते पदपथाच्या कडेला उभे राहिले तरी मोटारी थांबतात! मग चर्चेचा शेवट ठरलेला असतो, "आपल्या लोकांना शिस्तच नाही."

हा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. पहिली अडचण अशी, की त्यातून काहीच स्पष्ट होत नाही. लोक बेशिस्त वागतात, कारण ते बेशिस्त आहेत, असे म्हणणे म्हणजे अफूने झोप येते, कारण तिच्यात झोप आणण्याचा गुण आहे, असे म्हणण्यासारखे झाले. दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. तोच माणूस जागा बदलली की वेगळा वागतो. पुण्यात मिनिटाला चार वेळा हॉर्न वाजवणारा गृहस्थ जर्मनीत गेला की आठवड्याभरात हॉर्न कोठे आहे हेही विसरतो, आणि सुट्टीत परत आला की विमानतळाबाहेर पडताच पुन्हा पहिल्यासारखा वाजवू लागतो. माणसाचा स्वभाव काही विमानात बसल्यावर बदलत नाही. तेव्हा कारणाचा निदान मोठा भाग माणसाच्या आत नसून त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत असला पाहिजे. तो कोठे आहे, याचा शोध या लेखात घेऊ.

घाटातला नियम

सुरुवात आपल्या सर्वांच्या परिचयाच्या ठिकाणापासून करू. अरुंद घाटात चढणारी आणि उतरणारी अशी दोन वाहने समोरासमोर आली, तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा नियम आहे. तो आपल्या मोटार वाहन नियमांतही आहे. त्यामागचे कारण भौतिकशास्त्रातले आहे. भरलेला ट्रक चढावर थांबला, की पुन्हा सुरू होताना त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्यापासून वेग मिळवावा लागतो. क्लच जळण्याची, गाडी मागे सरकण्याची भीती असते. उतरणाऱ्याला मात्र थांबून पुन्हा निघणे सोपे असते. म्हणजे दोघांपैकी कोणाला थांबणे स्वस्त पडते, यावर हा नियम आधारलेला आहे.

घाटात हा नियम बऱ्यापैकी पाळला जातो. एस.टी.चा चालक पाळतो, मालट्रकवाला पाळतो. आता तोच ट्रक घाट उतरून शहराच्या चौकात आला, की आपले तोंड पुढे घुसवतो. तासाभरात त्याचे संस्कार हरवले, असे मानायचे का?

दोन्ही ठिकाणांतला फरक पाहा. घाटात नियम दोघांनाही ठाऊक असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो समोरच्यालाही ठाऊक आहे, याची प्रत्येकाला खात्री असते. शिवाय नियम मोडला तर दोघेही अडकणार, हे ताबडतोब दिसते. चौकात यांपैकी काहीच पक्के नसते. समोरचा थांबेल की घुसेल याचा अंदाज येत नाही, म्हणून आपण आधी घुसतो, आणि नेमक्या याच कारणासाठी तोही घुसतो.

रस्त्यावरचे सौजन्य म्हणजे बहुतांशी दुसरा काय करेल याविषयीचा विश्वासार्ह अंदाज होय. या एका वाक्यातून पुढचे बरेच काही निघते.

एकाच रस्त्याचे दोन समतोल

दुसऱ्याच्या निर्णयावर आपला फायदा-तोटा अवलंबून असेल तर शहाण्या माणसाने काय करावे, याचा अभ्यास गणिताच्या एका शाखेत केला जातो. तिला गेम थिअरी म्हणजेच क्रीडासिद्धांत असे म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ जॉन नॅश याने १९५० च्या सुमारास या शाखेत एक मूलभूत कल्पना मांडली. इतर सर्वजण जसे वागत आहेत तसेच वागत राहिले, तर एकट्याने आपली रीत बदलून कोणाचाच फायदा होत नाही, अशी स्थिती म्हणजे समतोल. या कामासाठी नॅशला १९९४ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

रस्त्याच्या कोणत्या बाजूने वाहन चालवायचे, हे समतोलाचे सर्वांत सोपे उदाहरण. डावी बाजू उजवीपेक्षा मुळात चांगली वा वाईट नाही, पण सगळे डावीकडून जात असताना एकट्याने उजवीकडून जाणे आत्मघातकी ठरते. म्हणूनच स्वीडनने डावी बाजू सोडून उजवी स्वीकारायची ठरवली, तेव्हा ३ सप्टेंबर १९६७ या एका दिवशी, पहाटेच्या एकाच क्षणी, साऱ्या देशाची वाहतूक बदलली. असा बदल हळूहळू करणे शक्यच नव्हते.

आता झेब्रा क्रॉसिंग घेऊ. तेथे सिग्नल नाही, आणि कडेला एक पादचारी उभा आहे. चालकाने थांबावे की जावे? थांबण्यात थोडा वेळ जातो, पण खरा तोटा वेगळाच असतो. ज्या शहरात कोणी थांबत नाही तेथे अचानक थांबणाऱ्याला मागचा ठोकरण्याची भीती असते. शेजारून दुसरी गाडी भरधाव निघून जाते आणि ओलांडणारा माणूस तिच्यासमोर सापडतो. जेथे बहुतेक सगळे थांबतात तेथे ही भीती राहत नाही. उलट न थांबणाराच अडचणीत येतो, कारण गाडी थांबणार हे गृहीत धरून पादचारी रस्त्यात उतरलेला असतो.

हे आकड्यांत मांडून पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत. थांबणाऱ्या चालकांचे प्रमाण 'प' माना. कोणीच थांबत नसेल तर प = ०, सगळे थांबत असतील तर प = १. तोटा गुणांत मोजू.

थांबणाऱ्याचा तोटा = ५ + १० × (१ − प)

न थांबणाऱ्याचा तोटा = १५ × प

पहिल्या सूत्रातले ५ हे वाया गेलेल्या वेळेचे गुण आहेत, तर दुसरे पद मागून ठोकर बसण्याच्या धोक्याचे. प = ०.२ असेल तर थांबणाऱ्याचा तोटा १३ आणि न थांबणाऱ्याचा ३ येतो. अर्थातच कोणी थांबणार नाही. प = ०.९ असेल तर हेच आकडे ६ आणि १३.५ होतात. आता थांबणेच शहाणपणाचे ठरते. आलेखकागदावर या दोन सरळ रेषा काढल्या तर त्या प = ०.६ येथे एकमेकींना छेदतात. तेथे दोन्ही तोटे ९ आहेत. या बिंदूच्या डावीकडे असलेले शहर घसरत घसरत 'कोणीच थांबत नाही' या टोकाला जाते, उजवीकडचे शहर 'सगळे थांबतात' या टोकाकडे सरकते. डोंगरमाथ्यावर ठेवलेला गोटा ज्याप्रमाणे एका किंवा दुसऱ्या दरीत घरंगळतो, तसेच हे आहे.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, दोन शहरांतील माणसे अगदी सारखी असली, तरी ती शहरे दोन वेगवेगळ्या दऱ्यांत स्थिरावलेली असू शकतात. आणि दुसरी, वाईट दरीतून एकेकट्याने बाहेर पडणे फार कठीण असते. न थांबणाऱ्या शहरात एखादा सज्जन चालक थांबला, तर त्याच्या वाट्याला मागच्या हॉर्नांचा कल्लोळच येतो.

जपानमधील मोजमाप

हा सगळा कागदावरचा खेळ झाला. प्रत्यक्षात असे घडते का? जपान ऑटोमोबाइल फेडरेशन या वाहनधारकांच्या संस्थेने २०१६ पासून दरवर्षी एक साधी पाहणी चालवली आहे. जपानमध्ये आपल्या जिल्हा-राज्यांसारखे ४७ प्रशासकीय विभाग आहेत. प्रत्येक विभागात सिग्नल नसलेली दोन क्रॉसिंगे निवडायची, संस्थेच्या माणसाने प्रत्येक ठिकाणी ५० वेळा रस्ता ओलांडायला उभे राहायचे, आणि किती वाहने थांबतात ते मोजायचे.

जपानी माणूस जगभर शिस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तरीही २०१६ मध्ये देशाची सरासरी अवघी ७.६ टक्के आली! शंभरांतले ब्याण्णव चालक थांबले नाहीत. कायद्याने थांबणे बंधनकारक असताना ही स्थिती होती. २०१८ मध्ये सरासरी ८.६ टक्के होती, पण विभागा-विभागांतला फरक थक्क करणारा निघाला. नागानो विभागात ५८.६ टक्के वाहने थांबली, तोचिगी विभागात केवळ ०.९ टक्के. भाषा, कायदा, शाळेचा अभ्यासक्रम आणि मोटारींचे कारखानेही तेच, आणि तरी फरक साठपटींहून जास्त. एका देशात दोन दऱ्या असू शकतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढे जे झाले ते अधिक बोधप्रद आहे. हे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले. तोचिगीला शरम वाटली. तेथील पोलिसांनी 'न थांबणारा विभाग' ही ओळख पुसून टाकण्याची मोहीम उघडपणे हाती घेतली. २०२३ पर्यंत तोचिगीचा आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचला आणि तो विभाग देशातील पहिल्या काही क्रमांकांत आला. देशाची सरासरी २०२० मध्ये २१.३, २०२२ मध्ये ३९.८ आणि २०२४ मध्ये ५३ टक्के झाली. आठ वर्षांत माणसे बदलली नाहीत, त्यांच्या एकमेकांविषयीच्या अपेक्षा बदलल्या.

नागानो आधीपासून पुढे का होता? तेथे सांगितले जाणारे एक कारण शिक्षकांना आवडेल. तेथील शाळांत मुलांना शिकवतात, की रस्ता ओलांडताना हात वर करावा आणि पलीकडे पोहोचल्यावर थांबलेल्या चालकाकडे वळून वाकून नमस्कार करावा. हीच मुले मोठी होऊन वाहने चालवू लागतात. एवढेच कारण पुरेसे आहे असे म्हणता येणार नाही, पण आपल्या सूत्राच्या भाषेत पाहिले तर या नमस्काराने थांबणाऱ्याचा तोटा थोडा कमी होतो.

संस्कार की शिक्षा?

मग घरून आणलेल्या संस्कारांना काहीच महत्त्व नाही का? याचे उत्तर एका विलक्षण अभ्यासातून मिळते. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालय असल्याने तेथे जगभरचे राजनैतिक अधिकारी राहतात. २००२ पर्यंत त्यांना चुकीच्या जागी गाडी उभी केल्याचा दंड भरण्याची सक्ती करता येत नव्हती. म्हणजे एकच शहर, तेच रस्ते, शिक्षा शून्य, आणि चालक मात्र नाना देशांचे. निसर्गाने आयता मांडलेला प्रयोगच हा! रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नोव्हेंबर १९९७ ते नोव्हेंबर २००२ या काळातील दीड लाखाहून अधिक न भरलेल्या दंडाच्या पावत्या तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

स्वीडन, नॉर्वे, जपान या देशांच्या अधिकाऱ्यांच्या नावावर एकही पावती नव्हती. कुवेतच्या बाबतीत मात्र दर अधिकाऱ्यामागे वर्षाला सुमारे अडीचशे पावत्या निघाल्या. सर्वसाधारणपणे ज्या देशांत भ्रष्टाचार जास्त मानला जातो, त्यांच्या अधिकाऱ्यांनी जास्त नियम मोडले होते. म्हणजे शिक्षा नसेल तेव्हा माणूस घरचे वळण बरोबर घेऊन येतो.

पण गोष्ट येथे संपत नाही. २००२ च्या अखेरीस शहराने दंड थकवणाऱ्यांच्या राजनैतिक नंबरप्लेटा काढून घ्यायला सुरुवात केली. त्याबरोबर नियम मोडण्याचे प्रमाण सुमारे ९८ टक्क्यांनी खाली आले. संस्कार आणि शिक्षा दोन्ही काम करतात, पण खात्रीची शिक्षा असली की संस्कारांतले फरक जवळजवळ पुसले जातात. येथे 'खात्रीची' हा शब्द महत्त्वाचा आहे. दंड दहा हजारांचा असला तरी तो हजारात एकदाच होणार असेल, तर कोणी घाबरत नाही. दंड लहान पण दर वेळी होणारा असेल, तर वागणूक बदलते.

ऐझॉलची रांग

आपल्या देशातच एक शहर असे आहे, की तेथे जाऊन आलेला प्रत्येक जण वाहतुकीविषयी बोलतो. मिझोरमची राजधानी ऐझॉल. अरुंद, चढ-उताराचे रस्ते, मोटारींची लांबच लांब रांग, बाजूला मोकळी जागा दिसत असूनही त्या रांगेत शांतपणे उभ्या असलेल्या दुचाक्या, आणि हॉर्न जवळजवळ नाहीच. हे सर्व चौकाचौकांत पोलीस उभा न करता चालते.

त्याचे एक कारण मिझो समाजाच्या परस्परसाहाय्याच्या परंपरेत आहे, यात शंका नाही. १९३५ पासून काम करणारी यंग मिझो असोसिएशन ही तेथील जवळजवळ प्रत्येक वस्तीत पोहोचलेली संस्था आहे. पण त्याला गणिताचीही जोड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ऐझॉलची लोकसंख्या २ लाख ९३ हजार होती. इतक्या लहान, घट्ट विणीच्या शहरात आज तुम्ही ज्याच्यापुढे गाडी घातली, तो उद्या चर्चमध्ये, बाजारात किंवा मुलांच्या शाळेत भेटण्याची बरीच शक्यता असते. क्रीडासिद्धांत सांगतो, की एकदाच खेळायच्या डावात लोक जास्त स्वार्थी वागतात, पुन्हा पुन्हा त्याच माणसाशी खेळायचे असेल तर सांभाळून वागतात. आपल्याकडेही गावातल्या आळीतून जाताना माणूस गाडी हळू घेतो, कारण ओट्यावरच्या काकू ओळखीच्या असतात. कोटीभर वस्तीच्या शहरात प्रत्येक भेट पहिली आणि शेवटची असते. तेथे ओळखीचे काम नियम, रस्त्याची रचना आणि शिक्षा यांनाच करावे लागते.

एकच खूण, दोन अर्थ

शहरे आणि देश यांच्या तुलनेत अनेकदा असभ्यपणा म्हणून जे दिसते, ती प्रत्यक्षात वेगळी भाषा असते. ब्रिटनमध्ये समोरच्या चालकाने दिवा लुकलुकवला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'तुम्ही आधी जा' असा घेतला जातो. आपल्याकडे डिपर दिला की अर्थ असतो, 'मी येतोय, तू थांब'. या दोन देशांचे चालक एकमेकांच्या रस्त्यावर आले तर गैरसमजातून अपघात होईल. जपानमध्ये कोणी आत शिरायला वाट दिली, तर पुढचा चालक धोक्याचे दिवे दोन-तीन वेळा लुकलुकवून आभार मानतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात सिग्नल हिरवा होताच समोरून डावीकडे वळू पाहणाऱ्या पहिल्या गाडीला सरळ जाणारे क्षणभर वाट देतात. कायद्यात हे कोठेही नाही, पण गावची रीत म्हणून ते चालते, आणि बाहेरगावचा चालक तेथे गोंधळतो.

आपल्याकडच्या हॉर्नलाही असाच एक जुना अर्थ होता. रुंद मालट्रकच्या चालकाला मागचे नीट दिसत नसे, म्हणून पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेले असे. ओलांडायचे असेल तर वाजवा, म्हणजे कळेल. शहरात हीच खूण निरर्थक झाली. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ट्रकवर ही अक्षरे लिहिण्यास मनाई केली, ती यामुळेच. हॉर्नच्या बाबतीत वाईट समतोल कसा तयार होतो, तेही पाहण्यासारखे आहे. सगळे वाजवत असले की आपला आवाज ऐकू जाण्यासाठी आपल्याला त्याहून मोठ्याने वाजवावे लागते, आणि मग इतरांनाही. शेवटी सगळा गोंगाट होतो आणि कोणत्याच हॉर्नमधून माहिती मिळत नाही.

थांबण्याची किंमत आणि न थांबण्याची

हा विषय केवळ शिष्टाचाराचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के, म्हणजे जवळजवळ ३३ हजार, पायी चालणारी होती. दररोज सरासरी नव्वद पादचारी. त्यांत आपल्या शाळांत येणारी मुलेही असतात.

येथे सौजन्याचा संबंध वेगाशी येतो. समजा, एका चालकाला अचानक रस्त्यात उतरलेले मूल दिसले. मेंदूने निर्णय घेऊन पाय ब्रेकवर जायला सुमारे एक सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करतात. ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर वेगाने जाणारी गाडी विचारात ८.३ मीटर आणि ब्रेकमध्ये सुमारे ५ मीटर, असे एकूण १३.३ मीटर जाऊन थांबते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे मूल १३.५ मीटरवर असेल, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबते, आणि दुसरी ब्रेक लागण्यापूर्वीच, पूर्ण ५० च्या वेगाने, त्याच्यावर आदळते. क्रॉसिंग दिसताच वेग कमी करण्याची सवय आणि ती नसणे यांत एवढे अंतर आहे.

अंतर राखण्यातही असेच आहे. २००८ मध्ये जपानमधील नागोया येथील संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटर वेग ठेवायला सांगितले. सिग्नल नव्हता, अडथळा नव्हता. तरी थोड्याच वेळात कोणाच्या तरी किंचित ब्रेक मारण्यातून कोंडीची लाट तयार झाली आणि ती उलट्या दिशेने सरकत राहिली. पुढे पुरेसे अंतर असेल तर असे लहान धक्के त्यात जिरून जातात. पण आपल्या शहरांत पुढे सोडलेल्या अंतरात लगेच दुसरा शिरतो. म्हणून ते अंतर कोणी सोडत नाही, आणि कोंडी सर्वांच्याच वाट्याला येते.

दरी बदलता येते का?

येते. मात्र त्यासाठी एकाच वेळी पुष्कळांच्या अपेक्षा बदलाव्या लागतात. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले आंतानास मोकुस १९९५ मध्ये महापौर झाले. त्यांनी चौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रा पट्ट्यांवर गाडी आणणाऱ्याची ते न बोलता नक्कल करीत, आणि सगळा चौक हसे. लोकांना अंगठा वर आणि अंगठा खाली अशी चित्रे असलेली कार्डे वाटली गेली. चांगल्या चालकाला एक दाखवायचे, वाईटाला दुसरे. पुढच्या सुमारे दहा वर्षांत शहरातील अपघाती मृत्यू वर्षाला १,३०० वरून ६०० च्या आसपास आले. याचे सारे श्रेय नकलाकारांना देता येणार नाही. मद्यविक्रीच्या वेळा आवरल्या गेल्या, २००० नंतर बसची नवी व्यवस्था आली. पण जे आधी प्रत्येक जण मनात म्हणत होता ते आता उघड्यावर, सर्वांसमोर म्हटले जाऊ लागले. घाटातल्या नियमाचे बळ यातच आहे, हे आठवावे.

मुंबई पोलिसांनीही २०१९ च्या अखेरीस असाच एक प्रयोग करून पाहिला. काही सिग्नलांना आवाज मोजणारी यंत्रे जोडली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे उरलेले सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. आपल्या सूत्राच्या भाषेत सांगायचे तर हॉर्न वाजवणाऱ्याचा तोटा त्यांनी त्याच क्षणी वाढवला, आणि तोही शेजाऱ्यांच्या देखत.

तिसरा उपाय रस्त्याच्या रचनेचा. क्रॉसिंग पदपथाच्या उंचीला उचलून घेतले, की गाडीला वेग कमी करावाच लागतो. वेग कमी असला की थांबण्याचा तोटाही कमी होतो, मागून ठोकर बसण्याचा धोकाही घटतो. म्हणजे आलेखातली रेषा खाली येते, आणि छेदबिंदू डावीकडे सरकतो. पूर्वी साठ टक्के चांगले चालक लागत होते, तेथे आता कदाचित चाळीस पुरतील.

शाळेत करण्याजोगे मोजमाप

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना हा विषय स्वतः मोजता येईल. शाळेजवळचे सिग्नल नसलेले एक झेब्रा क्रॉसिंग निवडावे. मुलांनी शिक्षकांसोबत पदपथावरच उभे राहावे, मोजणीसाठी रस्त्यात उतरू नये. कोणी पादचारी ओलांडण्यासाठी कडेला उभा असताना जी वाहने आली, त्यांतील किती थांबली आणि किती गेली, एवढेच लिहावे. मोटार, रिक्षा, दुचाकी, बस असे वेगळे रकाने करावेत. किमान १०० वाहने होईपर्यंत मोजावे.

निष्कर्ष काढताना दोन गोष्टी जपाव्यात. पहिली म्हणजे नमुन्याची चूक. १०० पैकी ३० वाहने थांबली, तर खरे प्रमाण साधारण २१ ते ३९ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. (०.३ × ०.७ ÷ १०० याचे वर्गमूळ सुमारे ०.०४६ येते, आणि त्याची दुप्पट सुमारे ९ टक्के.) तेव्हा एका चौकात ३० आणि दुसऱ्यात २६ आले, म्हणून दुसरा चौक उद्धट ठरत नाही. दुसरी गोष्ट, तुलना समान परिस्थितीची हवी. रस्त्याची रुंदी, वाहनांचा वेग, दिवसाची वेळ आणि पाऊस यांनी आकडे बदलतात. गावा-गावांची तुलना करायची असेल तर दोन शाळांनी आधी पत्राने पद्धत ठरवून घ्यावी.

मोजून झाल्यावर आकडे शाळेच्या फलकावर लावावेत, पालकसभेत सांगावेत, स्थानिक वर्तमानपत्राला आणि वाहतूक पोलिसांना पाठवावेत, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा मोजावे. तोचिगीतही सुरुवात एका लाजिरवाण्या आकड्यापासूनच झाली होती.